टेकन

कोरियाहून आलेल्या भंतेंचं चिवर पिवळं नव्हतं,
करडा झगा होता. त्यावरून गावात दोन दिवस बोलणं झालं.
तिसऱ्या दिवशी विहारापुढच्या अंगणात
त्यांनी झगा गुडघ्यापर्यंत खोचला,
एक पाय पुढे टाकला, मागे घेतला,
दुसरा टाकला. गुडघे लवत होते
खोल गाऱ्यात तोल धरावा तसे.

"हा तं रोवना होय," भागरताबाई बोलली.
बायका हसल्या, कारण चाल आमचीच होती,
मागं सरत, चिखलात पावलाची जागा शोधत.
भंतेंच्या हाती पऱ्ह्यांची जुडी तेवढी नव्हती.
मग 'इक्क' असं काही म्हणत टाच वर गेली,
उरकुडामामाच्या कानाशी थांबली
आणि लाजल्यासारखी खाली आली.

पोट्ट्यांनी नाव विचारलं.
नागपूरचा दुभाषी प्रज्ञाशील म्हणाला, टेक्क्यन.
भागरताबाईला ऐकू आलं, टेकन.
"पाय टेकन. बराबर हाये."
हे भंतेंना सांगितलं, तर ते इतके हसले
की वरचा नसलेला दात सगळ्यांना दिसला.

मग ओट्यावर बसून, तुटक तुटक:
नाव कुठून आलं, पक्कं कोणालाच माहीत नाही.
कोणी लिहिताना खांद्याचं अक्षर घेतलं,
खेळ मात्र पायांचा.
राज्य परक्यांचं आलं, तेव्हा खेळणारे रिकामटेकडे ठरले,
नाव तोंडातून गेलं,
दोन-चार म्हाताऱ्यांच्या पोटऱ्यांत काय ते उरलं.
पुढे एका नव्या खेळाला नाव हवं झालं.
मोठी माणसं एका खोलीत बसली, चिठ्ठ्या लिहिल्या,
जुन्यासारखं कानाला लागेल असं एक निवडलं.
"तायक्वांदो," प्रज्ञाशील म्हणाला, "टीव्हीवरचं."
भंते मान हलवत राहिले. हो की नाही, कळेना.

आणि खेळायचे कसे?
वरच्या वस्तीची पोरं, खालच्या वस्तीची पोरं,
मध्ये मैदान. पडला तो हरला.

इथे अंगण गप्प झालं.
वरच्या टोलीतलं कोणी आलं नव्हतं.
कापगत्यांचा योगू तेवढा कुंपणापलीकडे,
एक पाय सायकलवर, एक जमिनीला टेकलेला.

मग भंतेंनी मामाचं नाव विचारलं. अर्थही.
मामा बोलेना. साठीचा माणूस,
धानगिरणीत अजून पोती उचलणारा.
भागरताबाईनंच सांगितलं,
"याच्या आधीचे तीन गेले. म्हनून मायनं याले
उरकुड्यावर ठेवला, तेथूनच उचलला. तेच नाव."
प्रज्ञाशीलला उरकुड्याला शब्द सापडेना.
त्यानं दोन्ही हातांनी हवेत ढीग दाखवला,
नाक मुरडलं, मग मुरडलेलं नाक सरळ केलं.

भंते उठून मामापुढे उभे राहिले.
"वाचलास ना?" एवढंच.
मग मामाच्या पायाशी काडीनं
मातीत त्रिकोण काढला.

तीन वर्षं झाली. भंतेंचं पत्र नाही.
तालुक्याच्या फॉर्मवर 'खेळाचे नाव' असा रकाना येतो,
गुरुजी तिथे तायक्वांदो लिहितात, यादीत तेवढंच आहे.
आमची पोट्टी गुणांत मागे पडतात,
पंच म्हणतात, हे नाचतात काहून?
'प्रशिक्षक' लिहिताना गुरुजी अडखळले,
'यू. शहारे' केलं.
मामानं फॉर्म मागून घेतला,
आणि पोत्यावर मार्का मारतात तशा ठळक अक्षरांत
पुरतं लिहिलं. रकान्याबाहेर गेलं.

सकाळच्या झाडण्यात त्रिकोण रोज पुसतो.
मी पोहोचते तेव्हा योगू आधीच आलेला असतो,
सायकल कुंपणाच्या आत,
आणि वाकून काडी शोधत असतो.